टॉकीज पाडण्याआधी एकदा छपरावर चढा

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
ज्यांच्या हद्दीत एखादं जुनं टॉकीज कुलूप लावून उभं आहे, अशा राज्यातल्या सर्व नगरपरिषदा

विषय : बंद चित्रपटगृहाची इमारत ‘धोकादायक’ ठरवून पाडणे व त्या जागी वाहनतळ तथा व्यापारी संकुल बांधणे, याबाबत हरकत.



विषयाची ओळ मुद्दाम आपल्या कार्यालयीन मराठीत लिहिली आहे, म्हणजे आवक-जावक टेबलावर पत्र अडकणार नाही. यापुढचं साध्या भाषेत.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, प्रशासकांची राजवट संपली आणि नगरपरिषदांच्या सभागृहांत पुन्हा निवडून आलेली माणसं बसू लागली. त्याबद्दल आपलं मनापासून अभिनंदन. पण आमच्या तालुक्याच्या गावात नव्या सभागृहापुढे जे पहिले विषय आले, त्यांत बाजारपेठेतल्या जुन्या टॉकीजचा विषय होता. इमारत धोकादायक, मालकांना नोटीस, पाडून झालं की खाली गाड्या लावायला जागा आणि वर गाळे. चर्चा म्हणाल तर एका सदस्यांनी आपण तिथे पळून जाऊन पाहिलेल्या सिनेमांची नावं सांगितली, हशा पिकला आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की हे पत्र एका नगरपरिषदेपुरतं होईल आणि बाकीच्या मोकळ्या सुटतील. कामानिमित्त ज्या गावांत माझं जाणं-येणं असतं तिथे थोड्याफार फरकाने हीच नोटीस आणि हेच गाळे ऐकू येतात.

मी वास्तुरचनाकार आहे. वाडे, देवळं, जुन्या शाळा यांच्या दुरुस्तीवर माझं पोट चालतं. टॉकीजच्या मालकांच्या घरच्यांनी ‘नोटीस आली आहे, एकदा नजर टाकून जा’ म्हणून निरोप धाडला, म्हणून त्या इमारतीत गेलो. तेव्हापासून जे साचलं आहे ते इथे मांडतो.

माझी पहिली तक्रार अशी की टॉकीजला आपण इमारत मानतच नाही. गावातला एखादा पडका बुरूज, एखादी कमान दिसली की आपल्याला वारसा आठवतो, आणि ते योग्यच आहे. टॉकीज दिसलं की मात्र चौरस फूट आठवतात. खरं तर गेल्या शंभर वर्षांत गावातल्या सगळ्या जातींची, सगळ्या आळ्यांची माणसं एका छपराखाली, एकाच दिशेला तोंड करून तीन-तीन तास बसली, अशी दुसरी जागा दाखवा. वर्ग होते, ते तिकिटाचे. पुढे थर्ड क्लासची बाकडी, मग सेकंड, मग फर्स्ट, वर बाल्कनी. बायकांची बसायची जागा वेगळी आणि बुकिंगची खिडकीही वेगळी. पण थर्डचं तिकीट काढणाऱ्याला कोणी कुठला म्हणून विचारत नव्हतं. देवळाच्या दारात आणि पाणवठ्यावर जे विचारलं जात होतं, ते बुकिंगच्या खिडकीत विचारलं जात नव्हतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही वास्तू गावाच्या इतिहासात धरायला हवी.

आपल्याकडची कित्येक पक्की टॉकीजं तंबूतून आली. जत्रेत तंबू ठोकायचा, ट्रकवरून मशीन आणायचं, दिवसभर कर्ण्यावरून ओरडायचं आणि अंधार पडला की खेळ लावायचा. ज्याच्या तंबूला बरकत आली त्याने कुठेतरी जागा घेऊन भिंती उभ्या केल्या. तंबूचा तो धंदा महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत टिकून होता. त्यावरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कानच्या महोत्सवापर्यंत गेला. पक्कं टॉकीज झालं की गावाला आपण मोठे झाल्यासारखं वाटे. त्यामुळे मालक दर्शनी भागावर हात सैल सोडून खर्च करत. आमच्या टॉकीजचं तोंड पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेलेलं आहे, मधोमध झेंड्याची काठी आणि तिच्याखाली सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांत नाव. त्या नावातला एकेक वेलांटी-उकार गवंड्याने हाताने काढलेला आहे. मुंबईत या धाटणीला आर्ट डेको म्हणतात आणि २०१८ मध्ये युनेस्कोने तिथल्या अशा इमारतींना जागतिक वारसा यादीत घेतलं. आपण त्याच धाटणीवर खिळे ठोकून वाढदिवसाचे फ्लेक्स लावतो.

आतली एक जागा आपण कोणी पाहिली नसेल, कारण तिथे प्रेक्षकांना मज्जाव असे. ऑपरेटरचा बॉक्स. त्याच्या भिंती बाकीच्या इमारतीपेक्षा जाड का, दार पत्र्याने मढवलेलं का, जिना बाहेरून वेगळा का, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो तिथे. जुनी फिल्म नायट्रेटची असे. एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. म्हणून आग लागली तर ती बॉक्समध्येच कोंडावी अशी सगळी रचना. प्रेक्षागृहाकडे उघडणाऱ्या झरोक्यांवर लोखंडी झडपा, उष्णता वाढली की आपोआप खाली पडतील अशा. आमच्या टॉकीजमध्ये त्या झडपा अजून खाचेत सरकतात. शेजारी-शेजारी दोन मशीनं. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. संपत आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करतो, दुसरा ठिपका चमकला की उजेड इकडून तिकडे. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये जाळ धरायचा आणि त्या जळून आखूड होतील तसतशा एकमेकींजवळ सरकवत राहायचं. डुलकी लागली की पडदा पिवळा पडायचा आणि थर्डच्या बाकड्यांवरून ऑपरेटरच्या आईवडिलांचा उद्धार व्हायचा. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ला माणसं चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्याकडे नाणी उधळत, तेव्हाही वर हा माणूस घामाघूम होऊन कांड्या सरकवत होता.

आता नोटिशीकडे येतो. नोटिशीला जोडलेला संरचना तपासणीचा अहवाल मी नीट वाचला. फोटो भरपूर आहेत. दर्शनी भागाचे, उखडलेल्या फरशीचे, मोडक्या खुर्च्यांचे, भिंतीवरच्या ओलीचे. छपराच्या आतला एकही नाही. शिडी लावून वर कोणी गेलंच नव्हतं. धूळ आणि वटवाघळांची शीट होती तशीच होती, तिच्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. एका जुन्या सुतारांना घेऊन मी वर गेलो. आठ सागवानी कैच्या आहेत. सहा ठणठणीत. राहिलेल्या दोन कैच्यांची टोकं जिथे मागच्या भिंतीत टेकतात तिथे कुजलेली. सुतारांनी पटाशीचं टोक खुपसलं तर बोटभर आत गेलं. हातभर अलीकडे तेच केलं तर पटाशी टणकन परतली. ‘साहेब, हे टोक कापायचं, नवा तुकडा सांधायचा, दोन्ही बाजूंनी पट्टी मारून बोल्ट आवळायचे,’ त्यांनी सांगितलं आणि बिडी शोधायला लागले.

कुजली कशामुळे, तेही वर गेल्याशिवाय कळत नाही. मागच्या पन्हळीत पिंपळाचं रोप उगवलं, मुळांनी पन्हळ तुंबली आणि पाणी भिंतीत उतरायला लागलं. तेवढ्याने बिघडलं नसतं, कारण चुन्यात बांधलेली भिंत भिजते तशी वाळतेही. पण मध्यंतरी कोणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा थापला. मग आत शिरलेलं पाणी कोंडलं आणि भिंतीत टेकलेल्या लाकडाने ते शोषून घेतलं. म्हणजे इमारत धोकादायक झाली ती वयाने नव्हे. एका रोपाने आणि सिमेंटच्या काही गोण्यांनी. रोप काढायला, पन्हळ साफ करायला, गिलावा सोलून चुन्याचा करायला आणि दोन टोकं सांधायला जो खर्च येईल तो इमारत पाडून राडारोडा उचलण्याच्या खर्चाशेजारी मांडून बघा, एवढंच म्हणतो. अहवालात असा मेळ घातलेला नाही. ‘दुरुस्ती परवडणारी नाही’ हे वाक्य मात्र आहे.

सुरक्षेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसं गेली. तिथे छप्पर पडलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला आणि जादा खुर्च्यांनी वाट अडवली होती. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. अशा जागांचा धोका बहुतेक वेळा वायरिंगमध्ये, बंद दारांत आणि अडवलेल्या वाटांत असतो. आपण मात्र या गोष्टी तपासतच नाही. भिंतीवरची ओल बघतो आणि पाडायला सांगतो. कोल्हापुरात आग लागल्यावर पुनर्बांधणीची घोषणा तातडीने झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण जळाल्यावर जाग येते तशी पन्हळ तुंबल्यावर का येत नाही, हे मला कोणी तरी समजावून सांगावं.

वाहनतळाबद्दल. पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये आर्यन सिनेमा सुरू झाला. पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पहिल्यांदा तिथे लागली. १९८३ मध्ये ते पाडलं गेलं आणि आज तिथे गाड्या लावतात. वाहनतळाला नाव अजून आर्यनचंच आहे. मंडईतल्या गाड्यांचा प्रश्न त्याने सुटला का, ते कोणत्याही रविवारी सकाळी जाऊन पाहावं. मुंबईत ज्या मॅजेस्टिकमध्ये १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ लागला, तेही गेलं. त्याच्या शेजारी पुस्तकं विकणाऱ्या दुकानाने नाव टिकवलं म्हणून मराठी वाचकाला ते ठाऊक तरी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने या देशातला पहिला खेळ दाखवला, तेव्हाच्या सहा चित्रफितींतली एक भिंत पाडण्याची होती. पाडापाडी बघायला गर्दी जमते, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

याच खेळातली दुसरी फीत, स्टेशनात येणाऱ्या आगगाडीची. ही गाडी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ला सिओता या छोट्या गावच्या स्टेशनातली मानली जाते. तिथलं एडन हे थिएटर १८९९ पासून सिनेमा दाखवत होतं. पुढे ते बंद पडलं, गळायला लागलं, आणि दुरुस्त होऊन २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. पण आपल्याला जास्त उपयोगी पडेल असं उदाहरण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. हारिच नावाचं बंदराचं गाव. चार्ल्स थर्स्टन हा जत्रांमध्ये खेळ घेऊन हिंडणारा माणूस, म्हणजे आपल्या तंबूवाल्यांचा भाऊबंदच. त्याने १९११ मध्ये तिथे इलेक्ट्रिक पॅलेस नावाचं टुमदार थिएटर बांधलं. १९५३ च्या समुद्राच्या पुरात गाव बुडालं, १९५६ मध्ये थिएटर बंद पडलं आणि पुढे कुलूप. १९७२ मध्ये इमारतींचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकाच्या नजरेला ते पडलं. आत बघतो तर मूकपटाच्या काळातला पडदा, बॉक्स, नक्षीचा दर्शनी भाग, सगळं जागच्या जागी. स्थानिक परिषदेला तो भाग पाडून मोकळा करायचा होता. तिची मर्जी नसताना त्याच वर्षी इमारत संरक्षित यादीत गेली. मग गावकऱ्यांनी न्यास केला, फावल्या वेळात काम केलं आणि २९ नोव्हेंबर १९८१ ला, उद्घाटनाला बरोबर सत्तर वर्षं झाली त्या दिवशी, पुन्हा खेळ लावला. पुढे छताचा गिलावा धोक्याचा ठरला तेव्हा थिएटर पुन्हा बंद ठेवून छत दुरुस्त केलं आणि २०२२ मध्ये परत उघडलं. तिथेही ‘धोकादायक’ हा शब्द वापरला गेलाच; फक्त त्याच्यापुढे ‘म्हणून दुरुस्ती’ असं लिहिलं गेलं.

‘तो इंग्लंड आहे हो’ असं आपण म्हणणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरचा हिशेब मांडतो. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या लहान शहरांत नगरपरिषदांनी सांस्कृतिक भवनं आणि नाट्यगृहं बांधली. अनेक ठिकाणी वातानुकूलन बंद, स्वच्छतागृहं बंद, आवाज घुमतो म्हणून नाटकवाले नाखूश, आणि वर्षातले मोजके दिवस सोडले तर सभागृहाला कुलूप. ज्या गावात नवं सभागृह रिकामं पडून आहे त्याच गावात बाजारपेठेत, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, उत्तम आवाजाचं तयार सभागृह आपण पाडायला निघालो आहोत. आमच्या टॉकीजच्या भिंतींना आतून मऊ फळ्या ठोकलेल्या आहेत, मागे गोणपाट. पडद्यापाशी उभं राहून साध्या आवाजात बोललो तर बाल्कनीत ऐकू येतं. नव्या भवनात हे साधायला ध्वनितज्ज्ञ आणावा लागतो, आणि तो आणलेला नसतो.

सेल्फी पॉइंटबद्दल मी खरं तर लिहिणार नव्हतो. पण आपल्याच एका ठरावात, टॉकीज पाडल्यावर ‘जुन्या आठवणी जतन करण्यासाठी’ त्याच जागी फायबरचं रीळ आणि कॅमेरा बसवून रोषणाई करावी, अशी सूचना आहे. ही सूचना मागे घ्यावी अशी हात जोडून विनंती.

मशीनचं काय होतं तेही सांगतो. २००५ च्या पुढे उपग्रहावरून सिनेमा यायला लागला, दहाएक वर्षांत रिळांच्या पेट्या एसटीच्या टपावरून कायमच्या उतरल्या, आणि प्रोजेक्टर किलोच्या भावाने भंगारात गेले. ओतीव लोखंड भंगारवाल्याला आवडतं. टॉकीज पाडायच्या आदल्या आठवड्यात आधी मशीनं जातात, मग खुर्च्यांचं सागवान, मग कौलं, आणि शेवटी जेसीबी येतो. आमच्याकडची दोन्ही मशीनं अजून जाग्यावर आहेत. एकाच्या दिव्याच्या पेटीत अर्धी जळलेली तांबेरी कांडी तशीच आहे. दराची पाटी आहे, काचेवर रंगवलेल्या स्थानिक दुकानांच्या जाहिरातींच्या स्लाइड्स आहेत, त्यांतली दोन दुकानं आजही त्याच पेठेत चालू आहेत. बुकिंग क्लार्कच्या हस्ताक्षरातल्या रोजमेळाच्या वह्या आहेत. कोणत्या खेळाला किती थर्ड आणि किती बाल्कनी, सगळं त्यांत आहे. गावाच्या अर्थकारणाचा इतका तपशीलवार दस्तऐवज आपल्या अभिलेख कक्षातही सापडायचा नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. या वह्यांबद्दल, स्लाइड्सबद्दल तिथे एक पत्र धाडायला नगरपरिषदेला किती खर्च येतो?

आता मालकांबद्दल, कारण सभेत ‘मालकच तयार नाहीत’ असं सांगितलं गेलं. मालमत्ता पत्रकावर आज वारसांची रांग आहे, त्यांतले काही पुण्या-मुंबईत, एक परदेशात. बंद इमारतीवर व्यावसायिक दराने कर लागतो. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, १९५३ च्या कायद्याखाली. परवाना एकदा सोडला की तो पुन्हा मिळवणं हे वेगळंच दिव्य. सातशे खुर्च्यांचं घर, तिकीट स्वस्त, निर्माता-वितरकाची टक्केवारी ठरलेली. अशात बिल्डर दारात उभा असेल तर मालकाला दोष देणं मला जमत नाही. दोष द्यायचाच तर टॉकीज पाडताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून हळहळणाऱ्या आम्हा गावकऱ्यांना द्यावा. शेवटच्या वर्षांत तिकीट काढायला फारसं कोणी गेलं नाही.

पण प्रेक्षक संपला, हे मान्य करायची माझी तयारी नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’च्या वेळी सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात मध्यरात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले होते. तो प्रेक्षक कुठे परग्रहावर गेलेला नाही. त्याला गळकं छप्पर, उंदरांनी कुरतडलेली खुर्ची आणि घाण मुतारी नको आहे, एवढंच. मुंबईत चर्चगेटचं इरॉस, १९३८ चं, २०२४ मध्ये नव्याने उघडलं तेव्हा त्यात एकच मोठा पडदा ठेवला आणि बाकीच्या जागेत दुकान आलं. सगळ्यांना ते रुचलं नाही. मला ते व्यवहार्य वाटतं. आमच्या सातशे खुर्च्यांच्या टॉकीजमध्ये खाली अडीचशे आरामशीर खुर्च्या, बाल्कनीखालच्या पट्ट्यात रस्त्याकडे तोंड केलेली चार दुकानं, सकाळी शाळांचे खेळ, संध्याकाळी सिनेमा, अधूनमधून एकांकिका आणि व्याख्यानमाला, असा मेळ बसू शकतो. आपले गाळे हवेत ना? दर्शनी भाग न पाडता ते मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वस्त तिकिटाच्या गावच्या टॉकीजला त्याचा आधार आहे. नगरपरिषदेने तेवढाच हात आपल्या कराच्या बाबतीत सैल सोडावा.

प्रत्येक टॉकीज वाचवा असं माझं म्हणणं नाही, हे स्पष्ट लिहितो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घाईने उभारलेल्या, चार पत्रे आणि चार भिंतींच्या कित्येक टॉकीजांमध्ये वाचवण्यासारखं काही नाही. त्यातले अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काळजीपूर्वक उतरवावेत आणि जागा मोकळी करावी. कोणतं ठेवायचं आणि कोणतं नाही, हे ठरवायला आधी पाहावं लागतं. आमची तक्रार तेवढीच आहे: आपण पाहिलेलं नाही.

म्हणून मागण्या. पाडण्याची नोटीस स्थगित करून छपरासकट पूर्ण तपासणी जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या माणसाकडून करून घ्यावी, आणि अहवालात दुरुस्तीचा खर्च व पाडण्याचा खर्च शेजारी-शेजारी लिहावा. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची यादी करण्याची सोय आहे. त्या यादीसाठी गावातल्या टॉकीजचा प्रस्ताव तयार करावा. बंद असलेल्या काळातला मालमत्ता कर, मालक दुरुस्तीला हात घालत असतील तर, सवलतीत घ्यावा. वाहनतळाचं आरक्षण दुसऱ्या जागेवर न्यावं. आमच्या गावात बाजार समितीच्या जुन्या आवाराची जागा रिकामी आहे आणि ती मोठीही आहे. आणि मशीनं, वह्या, स्लाइड्स यांची पंचनामा करून नोंद ठेवावी, म्हणजे एखाद्या रात्री त्या टेम्पोत चढणार नाहीत.

निधी नाही, असं उत्तर येईल. मी निधी मागत नाही. पहिल्या वर्षी हवी आहे ती पन्हळीची सफाई, फुटक्या कौलांच्या जागी दुसरी कौलं, दोन कैच्यांना सांधा आणि वायरिंगचा मेन स्विच बंद करून तपासणी. मालक निम्मा खर्च करायला तयार आहेत, निम्म्यासाठी गावात वर्गणीची तयारी आहे, सुतार तयार आहेत. आपल्याकडून हवी आहे परवानगी. दुरुस्तीची परवानगी मागणारा अर्ज आपल्या बांधकाम विभागात पडून आहे; त्यावर शेरा आहे, ‘इमारत पाडावयाची असल्याने अर्ज निकाली काढणेत यावा.’

मृगाच्या आत छप्पर झाकलं नाही तर राहिलेल्या सहा कैच्यांचंही हेच होईल आणि मग आपला अहवाल खरा ठरेल. तरी मे महिन्याच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, आणि सभेआधी ज्यांना शक्य असेल त्या सदस्यांनी इमारतीत यावं. शिडी, टॉर्च आणि तोंडाला बांधायला फडकी आम्ही आणू. वर एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांनी चढू नये, असं सुतारांचं सांगणं आहे.



आपला नम्र,
तालुक्याच्या गावचा एक वास्तुरचनाकार आणि नियमित करदाता

सोबत : छपराच्या आतील कैच्यांची रेखाटने व छायाचित्रे; दुरुस्ती परवानगीच्या अर्जाची पोच.
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी.